टर्मिनलमधून वेब वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचण्याआधी एक सूचना: या पानावर सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या अक्षरी खिडकीत, त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. इंग्रजी अक्षर लहान की मोठे याने कामच बदलते, म्हणून जिथे मोठे अक्षर हवे तिथे ‘कॅपिटल’ असे मुद्दाम म्हटले आहे. बाकी सगळी अक्षरे लहान समजावीत.

टेक्स्ट ब्राउझर म्हणजे नेमके काय?

वेबपानाचा एचटीएमएल मजकूर मागवून तो टर्मिनलच्या खिडकीत अक्षरांनी मांडणारा प्रोग्राम. मथळे, परिच्छेद, याद्या, दुवे, फॉर्म हे सगळे दिसते आणि वापरताही येते. चित्रे, व्हिडिओ, फॉन्ट, जाहिरातींच्या स्क्रिप्ट या गोष्टी तो सहसा मागवतच नाही. त्या आणून लपवल्या जातात असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. आजच्या सर्वसाधारण वेबपानाचे वजन २ एमबीच्या पुढे गेले आहे आणि त्यात वाचायचा मजकूर बहुतेक वेळा काही केबींचाच असतो. टेक्स्ट ब्राउझर तेवढेच आणतो. रखडत चालणाऱ्या इंटरनेटवर, जुन्या यंत्रावर किंवा दूरच्या सर्व्हरवर काम करताना हा फरक फार मोठा ठरतो.

कर्ल आणि वगेट हेच काम करतात ना?

नाही. ते फाइल आणून देतात. तुमच्या हातात कच्चा एचटीएमएल पडतो, त्यातले टॅग वाचत बसावे लागते. ब्राउझर ते टॅग समजून घेऊन पान मांडतो, दुव्यावरून पुढे नेतो आणि मागे आणतो.

ही जुन्या काळातली पद्धत आहे का?

जुनी आहे, आणि आजही चालू आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधन संस्थेत लिहिलेला पहिला ब्राउझर चित्रमय खिडक्यांचा होता, पण तो फक्त नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर चाले आणि ते संगणक फार थोड्यांकडे होते. म्हणून तिथेच काम करणाऱ्या निकोला पेलो या विद्यार्थिनीने ‘लाइन मोड ब्राउझर’ लिहिला. तो कुठल्याही साध्या टर्मिनलवर चालत असे. प्रत्येक दुव्यापुढे कंसात आकडा, आणि पुढे जायचे तर तो आकडा टाइप करायचा. वेब सर्नच्या बाहेर पसरले ते मोठ्या प्रमाणात या ब्राउझरच्या जोरावर.

त्यानंतर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात लिन्क्स तयार झाला. लू माँटुली, मायकेल ग्रोब आणि चार्ल्स रेझॅक यांनी तो विद्यापीठाच्या माहितीयंत्रणेसाठी लिहिला होता. तीस वर्षांहून अधिक काळ उलटला तरी त्याची देखभाल सुरू आहे, आणि अजून वापरात असलेल्या ब्राउझरांत तो सर्वांत जुना मानला जातो.

‘लिंक्स’ नावाचे दोन ब्राउझर आहेत का?

हो, आणि मराठीत उच्चारही जवळजवळ एकच, त्यामुळे गोंधळ ठरलेला. पहिला एल-वाय-एन-एक्स, म्हणजे रानमांजराच्या एका जातीचे नाव. दुसरा एल-आय-एन-के-एस, म्हणजे ‘दुवे’. हा दुसरा चेक प्रोग्रामर मिकुलाश पाटोचका यांनी १९९९ च्या सुमारास सुरू केला. इथे पहिल्याला ‘लिन्क्स’ म्हटले आहे आणि दुसऱ्याला त्याच्या आजच्या आवृत्तीवरून ‘लिंक्स-टू’. त्या दुसऱ्यातूनच पुढे ‘ईलिंक्स’ नावाची वेगळी शाखा निघाली.

मी कोणता वापरू?

एकच बसवायचा असेल तर डब्ल्यू-थ्री-एम बसवा, असे मी सांगेन. दुसऱ्यासाठी जागा असेल तर लिन्क्स.

डब्ल्यू-थ्री-एम १९९५ मध्ये जपानच्या अकिनोरी इतो यांनी सुरू केला. नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ओ मिरु’ म्हणजे ‘वेब पाहणे’ या जपानी शब्दांवरून आले आहे. त्यात कर्सर संपूर्ण मजकुरातून फिरतो, मजकूर लिहायच्या संपादकात (एडिटरमध्ये) फिरावा तसा. तक्ते तो तक्त्यासारखेच मांडतो. लांब लेख, माहितीपुस्तिका, आकड्यांचे तक्ते वाचणाऱ्याला हा लगेच रुळतो. टॅबही आहेत.

लिन्क्सची चाल वेगळी आहे. त्यात खालचा-वरचा बाण तुम्हाला एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर नेतो. मजकूर वरून खाली एका ओघात येतो, गुंतागुंतीचे तक्ते सपाट होतात. डोळ्यांनी वाचणाऱ्याला ही उणीव वाटेल, पण स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्याला हाच ओघ सोयीचा पडतो. शिवाय दुव्यांना आकडे लावण्याची सोय, कुकी (संकेतस्थळ ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) एकेक विचारून घेणे, गोफर (त्याविषयी शेवटी) आणि फाइल देवघेवीचे एफटीपी, हे सगळे त्यात आहे.

लिंक्स-टू मांडणीत नेटका आहे आणि एस्केप दाबले की वर मेनू उघडतो, त्यामुळे नवख्याला बटणे पाठ करावी लागत नाहीत. ‘वजा जी’ हा पर्याय देऊन तो चित्रांसह वेगळ्या खिडकीतही चालतो. ईलिंक्समध्ये रंग, टॅब, थोडेफार सीएसएस आणि पायथन किंवा लुआसारख्या भाषांतून आपल्या सोयीचे बदल करण्याची मुभा आहे. ज्याला प्रत्येक गोष्ट आपल्या हाताने लावून घ्यायची हौस आहे, त्याने तो जरूर पाहावा.

इमॅक्स हा संपादक वापरत असाल तर वेगळे काही बसवण्याआधी त्यात अंगचाच असलेला ईडब्ल्यूडब्ल्यू वापरून पाहा. २०१४ च्या २४.४ आवृत्तीपासून तो सोबतच येतो.

बसवायचा कसा?

डेबियन, उबुंटू आणि त्यांच्या नात्यातल्या लिनक्स वितरणांत (लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, लिन्क्स हा ब्राउझर नव्हे) ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे नाव. फेडोरात ‘ॲप्ट’च्या जागी ‘डीएनएफ’. मॅकवर होमब्रू बसवलेले असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल’. विंडोजवर सर्वांत सरळ वाट डब्ल्यूएसएलची, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीची: त्यातले लिनक्स चालू करा आणि वरचीच कमांड द्या. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स ॲपमध्ये ‘पीकेजी इन्स्टॉल’.

नुसते ‘डब्ल्यू-थ्री-एम’ टाइप करून एंटर मारले तर तो पर्यायांची यादी दाखवून थांबतो. काही बिघडलेले नसते, त्याला पत्ता हवा असतो. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू अंडरस्कोअर होम’ (सगळी अक्षरे कॅपिटल) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आवडत्या पानाचा पत्ता घालून ठेवा, मग डब्ल्यू-थ्री-एम आणि लिन्क्स दोघेही तिथूनच सुरू होतील.

रोज लागणारी बटणे कोणती?

लिन्क्समध्ये आधी बाण शिका. खाली-वर म्हणजे पुढचा-मागचा दुवा, उजवा बाण म्हणजे दुव्यात शिरणे, डावा म्हणजे मागे येणे. एक हात बाणांवर ठेवून तासभर वाचता येते. स्पेस दाबले की पुढचा पडदा, ‘बी’ने मागचा. नवा पत्ता द्यायला ‘जी’, चालू पत्ता दुरुस्त करायला कॅपिटल ‘जी’. तिरक्या रेघेने (/) शोध, ‘एन’ने पुढचा सापडलेला शब्द. ‘डी’ने दुव्यामागची फाइल उतरवता येते, ‘एल’ने पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी मिळते, बरोबरच्या चिन्हाने (=) पानाची माहिती, उलट्या तिरक्या रेघेने (\) मूळ एचटीएमएल. पान येता येता अडकले तर ‘झेड’ दाबून ते थांबवा. खिडकी बंद करून पुन्हा सुरू करण्याची गरज नसते. बॅकस्पेस दाबले की आतापर्यंत पाहिलेल्या पानांची यादी येते.

डब्ल्यू-थ्री-एममध्ये टॅबने पुढचा दुवा, एंटरने आत, कॅपिटल ‘बी’ने मागे, कॅपिटल ‘यू’ने नवा पत्ता. कर्सर ‘एच, जे, के, एल’ने फिरतो, त्यामुळे व्हीआय संपादक वापरणाऱ्याला हात वळवावा लागत नाही. कॅपिटल ‘टी’ने नवा टॅब, महिरपी कंसांनी टॅब बदलायचे. ‘ओ’ने सगळ्या सेटिंगांचे पान उघडते. सुरुवातीला एकदा ते पूर्ण वाचून काढा, अनेक शंका तिथेच मिटतात.

दोन्हींत ‘क्यू’ म्हणजे विचारून बाहेर आणि कॅपिटल ‘क्यू’ म्हणजे न विचारता बाहेर.

लिन्क्समध्ये मी बटण दाबतो, पण अक्षर कुठल्या तरी चौकटीत उमटते. का?

कर्सर पानावरच्या लिहायच्या चौकटीत आहे. शोधयंत्राचे पान उघडले की हे हटकून होते. खालचा बाण किंवा टॅब दाबून चौकटीबाहेर या, मग बटणे पुन्हा कमांड म्हणून चालतील. डब्ल्यू-थ्री-एममध्ये हा घोळ होत नाही: चौकटीवर एंटर मारले तरच खाली लिहायची ओळ उघडते, आणि मोठी मजकूरचौकट असेल तर तुमचा नेहमीचा संपादकच उघडतो. लांब उत्तर लिहायचे असेल तर ही सोय मोलाची आहे.

मराठी मजकूर नीट दिसत नाही. प्रश्नचिन्हे, चौकोन किंवा तुटलेली अक्षरे येतात.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि यामागे चार वेगवेगळी कारणे असू शकतात. काय दिसते आहे त्यावरून कारण ओळखावे.

प्रश्नचिन्हे किंवा रोमन अक्षरांचा चुरा दिसत असेल तर लोकेल, म्हणजे यंत्राचे भाषा आणि लिपीचे सेटिंग, पाहा. ‘लोकेल’ एवढीच कमांड द्या. उत्तरात यूटीएफ-८ दिसले पाहिजे. नुसता ‘सी’ किंवा ‘पॉझिक्स’ दिसला तर ब्राउझर असे धरून चालतो की या पडद्यावर देवनागरी उमटणारच नाही. ‘लँग’ हे व्हेरिएबल ‘सी.यूटीएफ-८’ केले तरी पुरते. लिन्क्सला पर्यायात ‘डिस्प्ले कॅरसेट’ यूटीएफ-८ असल्याचे वेगळे सांगावे लागू शकते. काही पाने आपले एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ ही त्यातलीच एक) जाहीर करत नाहीत, तिथे लिन्क्स जुने पश्चिम युरोपीय एन्कोडिंग गृहीत धरतो आणि प्रत्येक मराठी अक्षराची तीन-तीन विचित्र चिन्हे होतात. त्यावर ‘अझ्यूम कॅरसेट’ हा पर्याय यूटीएफ-८ करणे हा उपाय.

रिकामे चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर गेला असाल तरी अक्षरे रंगवतो तो तुमच्या समोरचा टर्मिनल. फॉन्ट तुमच्या यंत्रावर हवा, सर्व्हरवर बसवून काही उपयोग नाही. सर्व्हरवर फक्त लोकेल नीट हवे.

अक्षरे येतात पण जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, ओळी वेड्यावाकड्या सरकतात, असे असेल तर दोष टर्मिनलच्या रचनेत आहे. टर्मिनल म्हणजे सारख्या मापाच्या घरांची जाळी, प्रत्येक घरात एक अक्षर. ‘क्ष’ हे संगणकाच्या दृष्टीने क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे. ‘किती’ या शब्दात वेलांटी साठवली जाते ‘क’नंतर, पण काढायची असते त्याच्या आधी. शिवाय उकार आणि मात्रा यांची रुंदी शून्य धरली जाते, तर वेलांटी किंवा काना यांची रुंदी बऱ्याच ठिकाणी एक घर धरतात. ब्राउझरची गणती आणि टर्मिनलची गणती जुळली नाही की ओळीचा शेवट चुकतो, पडद्यावर जुन्या पानाचे तुकडे मागे राहतात. कंट्रोल आणि ‘एल’ दाबून पडदा पुन्हा रंगवला की तात्पुरते साफ होते. कायमचा उपाय म्हणजे टर्मिनल बदलणे. एमएलटर्म हा बहुभाषिक लिप्या डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिला आहे, केडीईचा कॉन्सोलही देवनागरी बऱ्यापैकी जोडतो. माझ्या मते मराठी वाचकाने ब्राउझर निवडण्याआधी टर्मिनल निवडावा. चुकीच्या टर्मिनलात कुठलाही ब्राउझर वाचवत नाही.

खिडक्यांशिवायचा जो काळा लिनक्स कन्सोल असतो, त्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हे मावतात आणि जोडाक्षरे घडवण्याची सोयच नाही. तिथे मराठीचा नाद सोडावा, किंवा एफबीटर्मसारखा प्रोग्राम चालवून पाहावा.

चौथे कारण संकेतस्थळाचेच. युनिकोड रुजण्याआधीच्या काही मराठी संकेतस्थळांनी रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले खास फॉन्ट वापरले होते. त्या पानात मराठी अक्षर एकही नसते, फॉन्टच्या चष्म्यातून ते मराठी दिसते इतकेच. टेक्स्ट ब्राउझर तो चष्मा लावत नाही, म्हणून रोमन चिन्हांची रांग दिसते. कुठलेही सेटिंग यावर चालत नाही. मजकूर जतन करून युनिकोड परिवर्तकातून काढावा लागतो.

पान उघडले, पण रिकामेच आहे किंवा ‘जावास्क्रिप्ट चालू करा’ एवढेच दिसते.

ते पान पाठवताना त्यात मजकूर नव्हताच. मजकूर मागाहून स्क्रिप्टने भरायचा, अशी त्याची घडण आहे, आणि लिन्क्स, डब्ल्यू-थ्री-एम, लिंक्स-टू स्क्रिप्ट चालवत नाहीत. गुगलचा शोधही जानेवारी २०२५ पासून जावास्क्रिप्ट मागू लागला, त्यामुळे टर्मिनलमधून त्याची सवय असलेल्यांची अडचण झाली. डकडकगोची ‘लाइट’ आणि ‘एचटीएमएल’ अशी दोन साधी पाने आहेत, ती टर्मिनलात उत्तम चालतात. विकिपीडिया, सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका, इंटरनेटच्या नियमांचे आरएफसी दस्तऐवज, प्रोजेक्ट गुटेनबर्गची पुस्तके, साधे ब्लॉग यांत काहीच अडत नाही. काही वृत्तसंस्था मजकूर-आवृत्ती वेगळी ठेवतात, तिचा पत्ता शोधून खूण करून ठेवावा.

स्क्रिप्ट अगदी अटळ असेल तर दुसऱ्या जातीचे ब्राउझर आहेत. २०१८ मध्ये आलेला ब्राउश मागे खरा फायरफॉक्स चालवतो आणि त्याचे चित्र अक्षरांच्या ठोकळ्यांत उतरवतो. कार्बोनिल हेच क्रोमियमवर करतो. ब्राउशचा खरा उपयोग असा: चांगल्या जोडणीच्या सर्व्हरवर तो चालवायचा आणि आपल्या मंद जोडणीवरून एसएसएच किंवा मॉशने पाहायचा. जड पान सर्व्हर ओढतो, तुमच्याकडे फक्त अक्षरे येतात. मात्र यात मेमरी भरपूर जाते, आणि टेक्स्ट ब्राउझरचा हलकेपणा उरत नाही.

पत्ता बरोबर आहे, तरी ‘४०३ मनाई’ येते.

प्रत्येक ब्राउझर स्वतःची ओळख एका ओळीत सर्व्हरला कळवतो, तिला ‘यूजर एजंट’ म्हणतात. अनेक सर्व्हर अनोळखी ओळख दिसली की स्वयंचलित यंत्र समजून दार लावून घेतात. लिन्क्सच्या ओळखीत ‘लिबडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ हा शब्द येतो, आणि यंत्रे अडवणाऱ्या काही नियमांत नेमका तोच अडवलेला असतो. लिन्क्सला ‘यूजरएजंट’ पर्यायातून, डब्ल्यू-थ्री-एमला सेटिंगांच्या पानातून ही ओळ बदलता येते. तुम्ही ओळीतून लिन्क्सचे नाव काढलेत तर तो तशी ताकीदही देतो. हल्ली ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणणारी जी पाने आडवी येतात ती मात्र ओळख बदलूनही हटत नाहीत. वाचायला आलेल्या माणसाला यंत्र समजून हाकलले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. अशा संकेतस्थळांच्या चालकांना मी पत्र लिहितो. दोनदा त्यांनी नियम सैल केला.

लेख सुरू होण्याआधी मेनूचे शंभर दुवे ओलांडावे लागतात.

पानाच्या अगदी वर ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशा अर्थाचा दुवा आहे का पाहा. चित्रमय ब्राउझरात तो बहुधा लपवलेला असतो, इथे पहिल्याच ओळीत दिसतो. नसेल तर तिरकी रेघ दाबून मथळ्यातला एखादा शब्द शोधा, थेट तिथे पोचाल. स्पेस दाबत बसण्यापेक्षा ही सवय लावून घ्या.

चित्रे पाहता येतात का?

येतात. लिन्क्स चित्राच्या जागी त्याचे लिहिलेले वर्णन दाखवतो, आणि तारांकन (*) दाबले की चित्रे दुवे बनतात, मग बाहेरच्या प्रोग्रामात उघडता येतात. डब्ल्यू-थ्री-एम काही टर्मिनलांत चित्र मजकुरातच दाखवतो, डेबियनमध्ये त्यासाठी ‘डब्ल्यू-थ्री-एम-आयएमजी’ हे वेगळे पॅकेज बसवावे लागते.

लॉगिन, बँकेचे व्यवहार?

साधा फॉर्म असलेल्या जागी लॉगिन होते. बँकेचे व्यवहार यातून करू नका. ती पाने स्क्रिप्टवर उभी असतात आणि अर्ध्यात अडकलेला व्यवहार निस्तरणे त्रासाचे असते.

लिन्क्स प्रत्येक कुकीला परवानगी का मागतो?

कारण विचारणे हाच त्याचा रिवाज आहे. ‘वाय’ म्हणजे ही घे, ‘एन’ म्हणजे नको, ‘ए’ म्हणजे या संकेतस्थळाच्या नेहमी घे, ‘व्ही’ म्हणजे कधीच नको. कंटाळा आला तर ‘ॲक्सेप्ट ऑल कुकीज’ हा पर्याय आहे. लिन्क्स लिहिणाऱ्या लू माँटुली यांनीच पुढे नेटस्केपमध्ये १९९४ साली वेबवरची कुकी घडवली. उघडझाप करणारा ‘ब्लिंक’ टॅगही त्यांच्याच एका गप्पांतून निघाला: लिन्क्सला नव्या सजावटींपैकी फारसे काही दाखवता येणार नाही, फार तर अक्षरे लुकलुकवता येतील, असे ते म्हणाले होते आणि एका सहकाऱ्याने रातोरात ते करून टाकले.

यात माझी माहिती जास्त सुरक्षित राहते का?

माग काढणाऱ्या बहुतेक स्क्रिप्ट चालतच नाहीत, हा खरा फायदा. पण तुमचा आयपी पत्ता सर्व्हरला कळतोच, घेतलेल्या कुकी जातातच. आणि हा ब्राउझर वापरणारे थोडे असल्याने तुमची ओळखओळ गर्दीत उठून दिसते. निनावी राहणे हे काम याचे नव्हे.

संकेतस्थळाच्या ओळख-प्रमाणपत्राची चूक दाखवतो. ‘पुढे जाऊ का?’ विचारतो, तर काय म्हणू?

आधी यंत्राचे घड्याळ पाहा. घड्याळाची बॅटरी संपलेले यंत्र काही वर्षे मागे गेलेले असते आणि मग प्रत्येक प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते. घड्याळ बरोबर असेल तर प्रमाणपत्रांचे पॅकेज आणि ब्राउझर अद्ययावत करा. फार जुन्या आवृत्त्यांना सुरक्षित जोडणीचे आजचे टीएलएस बोलता येत नाही. पासवर्ड द्यायच्या पानावर ‘हो’ कधीही म्हणू नका.

सर्व्हर सांभाळणाऱ्याला याचा काय उपयोग?

मला याची गोडी लागली ती इथेच. सर्व्हरवर बरीच नियंत्रणपाने फक्त त्याच यंत्रावरून उघडतात. छपाई सांभाळणाऱ्या कप्सचे पान घ्या: ते ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर असते आणि सुरुवातीला बाहेरून उघडत नाही. एसएसएचने आत शिरून डब्ल्यू-थ्री-एमला ‘लोकलहोस्ट’ आणि तो पोर्ट दिला की पान समोर. नुकतीच बसवलेली वेबसाइट जगाला दाखवण्याआधी आतून तपासायची असेल, किंवा सर्व्हरला बाहेरचे जग दिसते आहे का हे पाहायचे असेल, तरी हेच.

कमांडमधून पानाचा साधा मजकूर काढता येतो का?

येतो. लिन्क्स किंवा डब्ल्यू-थ्री-एमला ‘वजा डम्प’ हा पर्याय द्या, पान मजकूर होऊन बाहेर पडते. लिन्क्स शेवटी दुव्यांची क्रमांकित यादी जोडतो. ती नको असल्यास ‘नोलिस्ट’, फक्त तीच हवी असल्यास ‘लिस्टओन्ली’. ओळीची रुंदी लिन्क्समध्ये ‘विड्थ’ने, डब्ल्यू-थ्री-एममध्ये ‘कॉल्स’ने ठरते. पुढे शोधणाऱ्या, क्रम लावणाऱ्या आणि तुलना करणाऱ्या ग्रेप, सॉर्ट, डिफ या कमांडना हा मजकूर पाइपने देता येतो. एखादे सूचनापान काल आणि आज यांत कुठे बदलले हे डिफ दोन ओळींत सांगतो.

एक इशारा अनुभवाचा. मी रोज पहाटे क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीतून) काही मराठी पाने जतन करायचो. टर्मिनलात कमांड निर्दोष चालत होती, म्हणून फाइली उघडून पाहिल्या नाहीत. तीन आठवड्यांनी पाहिल्या तर एकाही फाइलीत मराठी अक्षर नव्हते. क्रॉन तुमचे लोकेल सोबत घेत नाही, त्यामुळे लिन्क्सने देवनागरीच्या जागी मिळेल ते चिन्ह घातले होते. त्यातली दोन पाने तोवर संकेतस्थळावरून उतरली होती, ती परत मिळाली नाहीत. क्रॉनच्या कमांडीत ‘डिस्प्ले कॅरसेट’ न विसरता लिहा, आणि पहिल्या दिवशीची फाइल उघडून पाहा. एकाच सर्व्हरकडे धडाधड मागण्या करू नका, दोन पानांत काही सेकंद जाऊ द्या.

एचटीएमएलमधले ईमेल टर्मिनलात वाचता येतात का?

मट हा टर्मिनलातला ईमेल प्रोग्राम वापरत असाल तर मेलकॅप फाइलमध्ये एक ओळ घालावी लागते: एचटीएमएल मजकूर डब्ल्यू-थ्री-एमच्या डम्पमधून काढून दाखव. पत्र लगेच वाचता येते, आणि पत्र उघडल्याचे कळवणारी अदृश्य चित्रे मागवली जात नाहीत.

दृष्टिहीन वाचकांना हे खरोखर उपयोगी आहे का?

फार. कन्सोलवर स्पीकअपसारखा वाचक किंवा ब्रेल पट्टीसाठी बीआरएलटीटीवाय चालवला की लिन्क्सचा एकओघी मजकूर क्रमाने ऐकता किंवा चाचपता येतो. दुव्यांना आकडे लावून घेतले तर पडद्यावर कर्सर शोधावा लागत नाही, आकडा टाइप केला की झाले. ईस्पीक-एनजी या मोफत आवाजयंत्रणेत मराठीही आहे. एडब्राउझ हा तर कार्ल डाल्के या दृष्टिहीन प्रोग्रामरनेच लिहिला. त्यात पडदा ही कल्पनाच नाही, युनिक्सच्या जुन्या ‘ईडी’ संपादकासारखे ओळीओळीने काम चालते, आणि तो जावास्क्रिप्टही चालवू शकतो.

मी वेबसाइट बनवतो. टेक्स्ट ब्राउझरात काय तपासू?

पान उघडा आणि चित्रांच्या जागी काय दिसते ते वाचा. फाइलचे नाव दिसले तर वर्णन लिहायचे राहिले आहे. दुव्यांची यादी काढा. त्यात ‘इथे क्लिक करा’ दहा वेळा आले तर ऐकून वाचणाऱ्याला एकही दुवा कशाचा ते कळणार नाही. मजकुराचा क्रम पाहा: रचनेने बाजूला बसवलेला भाग इथे मध्येच घुसलेला दिसेल. फॉर्म भरून पाठवून पाहा. शोधयंत्रांनाही पान साधारण असेच दिसते, म्हणून गुगलनेही आपल्या मार्गदर्शक सूचनांत संकेतस्थळचालकांना लिन्क्समधून पान पाहण्याचा सल्ला कित्येक वर्षे दिला होता. हे तपासायला दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे न देणारे पान मी पूर्ण झालेले मानत नाही.

गोफर आणि जेमिनी म्हणजे काय?

वेबच्या शेजारच्या दोन वाटा. गोफर १९९१ चा, मिनेसोटा विद्यापीठातला, ७० क्रमांकाच्या पोर्टवरचा. लिन्क्स तो थेट उघडतो. जेमिनी २०१९ पासूनचा, १९६५ पोर्टवरचा, मुद्दाम साधा ठेवलेला. त्यासाठी ॲम्फोरासारखा वेगळा वाचक लागतो.

ब्राउझर अचानक बंद पडला आणि आता टाइप केलेले दिसतच नाही.

टर्मिनल ब्राउझरच्या अवस्थेत अडकला आहे. दिसत नसले तरी ‘रीसेट’ असे टाइप करून एंटर मारा. एंटर लागू होत नसेल तर कंट्रोल आणि ‘जे’ दाबा, मग ‘रीसेट’, मग पुन्हा कंट्रोल आणि ‘जे’.